गावावर कोरोनाचा सामाजिक परिणाम अभ्यासायचा आहे, प्रश्नावली पुरेल का?

नुसती प्रश्नावली नाही पुरणार. २०२० साली काय झालं हे आज विचारलं तर लोक आठवेल तेवढंच सांगतात, आणि दुःखाचं तर फारच थोडं.

आधी कागद बघा. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही, शाळेचा हजेरीपट, बचत गटाची कर्जवही. मार्च २०२० च्या टाळेबंदीआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं शेजारी ठेवा. पटावरून कुठल्या मुली गेल्या, कर्ज कुणाचं थकलं, हे तिथेच दिसू लागेल.

मग माणसांकडे जा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांपासून सुरुवात करा, त्या घरोघरी फिरल्या होत्या. नवरा गमावलेल्या बायकांशी मात्र घाईने बोलू नका. राज्याने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं; त्याचा लाभ मिळाला का, जमीन-घर नावावर झालं का, हे विचारा. माझ्या मते खरा अभ्यास इथेच आहे. बोलताना सासरचं कुणी शेजारी नसावं. नावं बदला, लहान गावात तर वाडीचाही उल्लेख टाळा.

मुंबईतून गावी परतलेल्यांना शिवेवर, शाळेत ठेवलं होतं. तो दुरावा मिटला का, हेही जरूर विचारा.