प्रश्न वाचकांचे : वस्ती सुरक्षित होते आहे, हे मोजायचं कसं?

प्रश्न : आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात नोंदलेले गुन्हे जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढले. वस्ती बिघडली असं समजायचं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावरून नाही. तो आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. दिल्लीत २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेखाली सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१५ मध्ये ती संख्या १ लाख ९० हजारांवर गेली. दोन वर्षांत गुन्हेगारी दुपटीहून जास्त वाढली असं कोणी म्हणणार नाही. तक्रार घेण्याची पद्धत बदलली आणि पूर्वी कागदावर न येणाऱ्या चोऱ्या कागदावर आल्या.

आपल्याकडे मोबाइल चोरीला गेला तरी 'गहाळ' म्हणून नोंद होते, मारहाणीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करत नाहीत) घेऊन तक्रारदाराला घरी पाठवलं जातं. म्हणून एफआयआर, एनसी आणि गहाळ नोंदी हे तीनही आकडे शेजारी मांडून पाहा. एनसी व गहाळ नोंदी कमी होऊन एफआयआर वाढले असतील, तर बहुधा नोंदणी सुधारली आहे, आणि ती चांगली बातमी आहे. तीनही वाढले तर काळजी करा.

कायदा बदलला तरी आकडा हलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांखालच्या मुद्देमालाची पहिल्यांदा केलेली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे तिची एनसी होते, एफआयआर नाही. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे चोरीचे एफआयआर थेट शेजारी ठेवू नका.

लपवायला सर्वांत अवघड आकडे दोन : खून आणि वाहनचोरी. मृतदेह दडपता येत नाही, आणि गाडीचा विमा मिळवायला एफआयआर लागतोच. बाकी सगळं उलटसुलट दिसत असेल, तर या दोघांचा पाच वर्षांचा कल पाहा. मात्र एका ठाण्याच्या हद्दीत खून मोजकेच होतात. तीनाचे पाच झाले याला कल म्हणत नाहीत, तिथे परिमंडळाचा, म्हणजे अनेक ठाण्यांच्या गटाचा, आकडा घ्या.

प्रश्न : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालावरून पुणे आणि नागपूर यांची तुलना करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जपून. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तर हा विभाग सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. महानगरांचा लाखामागे दर काढताना २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते, त्यामुळे जे शहर जास्त फुगलं त्याचा दर खऱ्याहून जास्त दिसतो. पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : २०१८ च्या ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. त्याआधीचं आणि नंतरचं 'पुणे' हे एकच क्षेत्र नाही. शहराची तुलना त्याच शहराशी, त्याच हद्दीत आणि त्याच महिन्यांशी करावी.

प्रश्न : प्रभागात ६० कॅमेरे बसले, असा फलक लागला आहे. ही प्रगती नाही का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : ही खरेदी आहे. प्रगती मोजायची तर कॅमेरा-दिवस मोजा. ६० कॅमेरे गुणिले ३० दिवस म्हणजे १,८०० कॅमेरा-दिवस. त्यांतले १२ कॅमेरे १५ दिवस बंद राहिले तर १८० दिवस गेले, म्हणजे चालू राहण्याचं प्रमाण ९० टक्के. कागदावर हे छान दिसतं. पण ते १२ कॅमेरे शाळेमागच्या एकाच गल्लीत असतील, तर त्या गल्लीत अर्धा महिना काहीच टिपलं गेलं नाही. म्हणून शहराची सरासरी नको, खांबनिहाय यादी मागा.

कॅमेरे बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात. खोदाईत ऑप्टिकल फायबर तुटते, खांबाचा वीजपुरवठा जातो, वाढलेली फांदी दृश्य झाकते, आणि सर्वांत वाईट म्हणजे वार्षिक देखभालीचा करार संपतो आणि नवी निविदा महिनोन्‌महिने निघत नाही. तेव्हा चित्रण किती दिवस जपलं जातं, किती गुन्ह्यांत पोलिसांनी ते मागितलं आणि किती वेळा मिळालं, हे विचारा. मागितलं आणि मिळालं यांतल्या फरकावरून यंत्रणेची खरी स्थिती कळते.

प्रश्न : रस्त्यावरचा दिवा बंद असल्याची तक्रार केली की 'निकाली' असा संदेश येतो, पण अंधार तसाच. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तक्रार बंद करणं आणि दिवा लावणं यांची मोजणी वेगळी ठेवली नाही, की असंच होतं. पालिकेला एकच आकडा मागायचा असेल तर हा मागा : निकाली काढल्यापासून ७ दिवसांत त्याच खांबाची तक्रार पुन्हा किती वेळा आली? त्यासाठी तक्रारीत खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. 'मंदिराजवळचा दिवा' असं लिहिलेल्या तक्रारी एकमेकींशी जोडता येत नाहीत.

बिघाडही नीट सांगा, म्हणजे योग्य माणूस येतो. एकच दिवा बंद असेल तर दिव्यात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला योग्य वीज देणाऱ्या छोट्या यंत्रात) दोष. सलग आठ-दहा बंद असतील तर फीडर पिलर (त्या ओळीला वीज देणारी रस्त्याकडेची पेटी), फ्यूज किंवा खोदाईत तुटलेली केबल. सगळे उशिरा लागत असतील तर टायमर : पुण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. उन्हाळ्यातली वेळ हिवाळ्यात बदलली नाही की तासभर अंधार. दिवा चालू पण रस्ता काळोखा असेल तर फांदी छाटायला हवी, आणि ते काम विद्युत विभागाचं नसून उद्यान विभागाचं.

उजेड पुरेसा आहे का, यालाही माप आहे. भारतीय मानक क्रमांक १९४४ (आयएस १९४४) नुसार बऱ्यापैकी रहदारीच्या दुय्यम रस्त्यावर सरासरी ८ लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आणि कमी रहदारीच्या रस्त्यावर ४ लक्स उजेड हवा. शिवाय सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या ०.३ पटीहून कमी नसावा. ही दुसरी अट जास्त महत्त्वाची. दोन खांबांमधला काळा पट्टा सरासरीत लपतो, आणि चालणारीला भीती तिथेच वाटते. लक्समीटर जमिनीलगत धरून खांबाखाली, दोन खांबांच्या मधोमध आणि पदपथाच्या आतल्या कडेला मोजा. मोबाइलवरची ॲप्स तुलनेपुरती चालतात, तक्रारीला जोडायला नाहीत.

प्रश्न : ११२ वर फोन केल्यावर पोलीस सरासरी अमुक मिनिटांत पोहोचतात, असं सांगतात. खरं मानायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सरासरीऐवजी मध्यक (सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ) मागा आणि दहातला सर्वांत उशिराचा कॉल मागा. नऊ ठिकाणी गाडी ६ मिनिटांत आणि एका ठिकाणी ६६ मिनिटांत पोहोचली, तर सरासरी १२ येते. हा आकडा एकाही माणसाच्या अनुभवाशी जुळत नाही. घड्याळ कधी सुरू होतं, फोन उचलल्यावर की गाडीला निरोप गेल्यावर, हेही विचारा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला सुरक्षा पाहणी करायची आहे. कशी करावी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : सेफ्टीपिन या सुरक्षा-पाहणीच्या मोबाइल ॲपने २०१३ पासून वापरलेले नऊ निकष सोपे आहेत : उजेड, मोकळेपणा, घरा-दुकानांतून रस्त्यावर राहणारी नजर, वर्दळ, पहारा, पदपथ, सार्वजनिक वाहनाचं अंतर, स्त्रियांचा वावर आणि तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं. प्रत्येकाला ० ते ३ गुण द्या. चार-पाच जणी मिळून रात्री आठनंतर निघा आणि दर १०० मीटरवर थांबून लिहा. गुण आपापले द्या, चर्चा नंतर करा. नाहीतर सगळ्यांचे गुण पहिलीसारखेच येतात.

पुढची पाहणी वर्षाने, त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच वेळेला करा. पावसाळ्यातली पाहणी उन्हाळ्यातल्या पाहणीशी ताडली तर पदपथाचे आणि वर्दळीचे गुण उगाच घसरतात. दिल्लीत २०१६ मध्ये या पद्धतीने सात हजारांहून अधिक अंधारी ठिकाणं सापडली होती. दोन वर्षांनी ती तीन हजारांच्या आत आली. ठिकाणांची यादी खांबांसकट यंत्रणांच्या हाती असल्यामुळे ते झालं.

प्रश्न : ही माहिती मागायची कुठे आणि कशी? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दारं दोन आहेत. दिवे, पदपथ, शौचालयं पालिकेकडे. पोलीस राज्याच्या गृह खात्याकडे. नगरसेवकाला गुन्ह्यांचा जाब विचारून उपयोग नाही, आणि पोलीस निरीक्षकाला दिव्यांचा.

एफआयआर पाहायला अर्जच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ते ठाणेनिहाय पाहता येतात. लैंगिक गुन्हे त्यात नसतात, त्यामुळे ही यादी मोजून स्त्रियांच्या सुरक्षेबद्दल निष्कर्ष काढू नका.

बाकी माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दिवे, कॅमेरे आणि एनसी एकाच अर्जात घातले तर तो परत येतो. 'उपाययोजना का झाली नाही?' असं विचारू नका, कारण उपलब्ध नोंदच द्यावी लागते, कारणमीमांसा नव्हे. असं लिहा : 'अमुक प्रभागातील पथदिव्यांच्या तक्रारींची नोंदवही, १ एप्रिल ते ३१ मार्च, खांब क्रमांक, तक्रारीची तारीख व निकाली काढल्याची तारीख यांसह.' नोंद संगणकावर असेल तर सीडी किंवा ईमेलने मागा. छापील पानाला २ रुपये पडतात, आणि शेकडो पानांची बेरीज पुन्हा हातानेच करावी लागते.