आधी गोगलगाय बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. जगातील चित्रविचित्र प्राण्यांची चौतीस नावे, प्रत्येकापुढे तो कोठे आढळतो याची नोंद, आणि शेवटी तुझा प्रश्न, की यांतले किती प्राणी एका आयुष्यात पाहून होतील. यादी मी दोनदा वाचली. तिच्यात मला एकच उणीव दिसली: तिच्यातला एकही प्राणी तू अजून पाहिलेला नाहीस, आणि जे प्राणी तुझ्या पायाखाली रोज येतात त्यांतला एकही तिच्यात नाही.

तुझ्या यादीत ब्लॉबफिश पहिला आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो. जगातील सर्वांत कुरूप प्राणी म्हणून 2013 साली लोकांनी त्याला मते देऊन निवडले. ज्या छायाचित्रामुळे तो जगभर ओळखला गेला, ते 2003 साली न्यूझीलंडच्या परिसरातील एका समुद्रमोहिमेत काढलेले होते. हा मासा साधारणपणे 600 ते 1200 मीटर खोलीवर राहतो. तेथे पाण्याचा दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या साठपटीहून अधिक असतो, आणि त्या दाबाखाली हाडे व स्नायू बळकट ठेवण्याऐवजी सगळे शरीर पाण्याहून किंचित हलके आणि जेलीसारखे ठेवणे त्याला परवडते. बळ खर्च न करता तो तळालगत तरंगत राहतो. जाळ्यातून वर ओढल्यावर तो दाब नाहीसा होतो आणि ते शरीर ढासळते. ज्याला आपण हसलो तो चेहरा म्हणजे त्या माशाला झालेली दुखापत होती. एखाद्या जिवाला ‘विचित्र’ म्हणण्याआधी आपण तो कोठे, कोणत्या अवस्थेत आणि किती वेळ पाहिला, हे स्वतःला विचारायची सवय लावून घे. बहुतेक वेळा उत्तर ‘भलत्याच जागी आणि क्षणभर’ असेच येते.

म्हणून माझे म्हणणे असे, की ती यादी सध्या बाजूला ठेव आणि एक गोगलगाय शोध. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला उद्देशून वापरतो. पण ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने हा प्राणी नक्कीच उलटा करून पाहिला असावा, कारण प्राणिशास्त्रातही या वर्गाला उदरपाद असेच नाव आहे. तिला स्वच्छ काचेवर ठेव, काच थोडी ओली कर आणि खालच्या बाजूने बघ. सुरुवातीला ती अंग चोरून बसेल. तेवढा धीर धरावा लागतो. मग चालू लागली, की तळव्यावर गडद पट्टे उमटताना दिसतील, आणि ते पट्टे शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक सरकत जातील. त्या आकुंचनाच्या लाटा आहेत, आणि त्यांच्या जोरावरच ती चिकट द्रवाच्या थरावरून पुढे जाते. वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकांना डोळे असतात. गवताच्या काडीने शिंगाला हलकेच स्पर्श केलास तर ते मोज्याचे टोक आत ओढावे तसे उलटे होऊन आत जाईल. काचेवर पिठाची पातळ पेज पसरून ठेवलीस, तर तोंड उघडून ती खरवडतानाही दिसेल; तिची जीभ म्हणजे हजारो बारीक दातांची कानस असते, आणि तिला रेत्रिका म्हणतात. हे सगळे पाहायला अर्धा तास पुरेल असे वाटते, पण पुरत नाही.

येथे माझी एक चूक सांगतो. तुझ्याएवढा असताना मी ओलसर जागेतला एक दगड उलटला आणि त्याखाली मोठी गोम दिसली. ती पळाली नाही, याचेच मला नवल वाटले. वाकून पाहिले, तर पिवळसर अंड्यांच्या पुंजक्याभोवती तिने आपल्या शरीराचे वेटोळे घातले होते आणि एकेक अंडे ती तोंडाने चाटून साफ करीत होती. बुरशी लागू नये म्हणून या गोमा असे करतात, हे मला पुढे कळले. जिच्या नावानेही अंगावर शहारे येतात, ती आई अशी जपून बसलेली पाहून मी इतका हरखलो, की त्या दिवशी तीन वेळा तो दगड उचलला. चौथ्या वेळी अंडी नव्हती. त्रास झालेल्या गोमा स्वतःची अंडी खातात. तेव्हापासून मी दगड एकदाच उचलतो आणि होता तसाच, त्याच खळग्यात, हळू ठेवतो. तूही तसेच कर. (जाता जाता: प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते, त्यामुळे ‘शतपाद’ म्हणवणाऱ्या या प्राण्याला नेमके शंभर पाय कधीच असू शकत नाहीत.)

एका क्षुद्र प्राण्यावर किती काळ घालवावा, असे तू विचारशील. चार्ल्स डार्विनने 1835 मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर एका शंखात भोक पाडून राहणारा टाचणीच्या डोक्याएवढा प्राणी पाहिला. तो बार्नॅकलचा, म्हणजे खडकांना व जहाजांच्या तळाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री प्राण्यांचा, एक विलक्षण प्रकार होता. त्याचा नीट उलगडा करण्यासाठी इतर बार्नॅकल पाहणे आले, आणि 1846 ते 1854 अशी आठ वर्षे त्यातच गेली. मधल्या काळात तो त्या प्राण्यांना अगदी विटला होता, हे त्याच्या पत्रांतून दिसते, आणि मला तरी त्याचा त्याबद्दल आदरच वाटतो. ज्याला कधीच कंटाळा येत नाही त्याने फार बारकाईने पाहिलेले नसते. पण त्याच कंटाळवाण्या कामात त्याला काही जातींमध्ये मोठ्या जिवाला चिकटून राहणारे अतिसूक्ष्म नर सापडले, ज्यांकडे आधीच्यांनी परजीवी म्हणून दुर्लक्ष केले असते.

लोक तुला ‘याचा उपयोग काय’ असे विचारतील. उपयोग सांगून त्यांना गप्प करण्याचा मोह टाळ. हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालासारखे कवच असलेल्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्ताने इंजेक्शनांमधील जिवाणूजन्य विषाची तपासणी होते, हे खरे आहे. पण तसा उपयोग सापडला नसता तर तो प्राणी कमी मोलाचा ठरला असता काय? पॅसिफिकमधील मोरेआ बेटावर पार्टुला नावाच्या नखाएवढ्या वृक्षगोगलगायी होत्या. त्या कोणाच्या कामाच्या नव्हत्या आणि कोणाला त्रासही देत नव्हत्या. तेथे बाहेरून आलेल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायीने पिके खाल्ली, म्हणून तिला मारण्यासाठी 1977 मध्ये एक शिकारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने समोर सहज सापडणाऱ्या पार्टुला खाल्ल्या. दहा वर्षांत मोरेआवरील पार्टुला रानातून नाहीशा झाल्या. त्याच द्वीपसमूहातील राइआटेआ बेटावरील एका जातीची शेवटची गोगलगाय 1996 च्या जानेवारीत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. काही जाती संशोधकांनी वेळीच डब्यांत भरून नेल्या होत्या म्हणून वाचल्या, आणि त्यांच्या वंशजांना आता पुन्हा त्या बेटांवरील झाडांवर सोडले जाते. ज्यांनी त्या नेल्या ते लोक आधीपासून वर्षानुवर्षे त्यांच्या शंखांवरील पट्टे मोजत आले होते. पट्टे मोजणारे कोणी नसते तर काय गेले हेही कळले नसते.

तेव्हा पुढच्या पत्रात यादी नको. तुझ्या गोगलगायीचे चित्र पाठव, ओबडधोबड असले तरी चालेल. शंखाच्या कडेखाली, बहुतेक उजव्या अंगाला, तिचे श्वासाचे छिद्र असते. ते उघडते आणि मिटते. ते दोन उघडझापींमध्ये किती वेळ मिटलेले राहते, हे घड्याळ लावून मोज, आणि तिच्या अंगावर पाणी शिंपडल्यावर त्यात फरक पडतो का तेही लिही. मी स्वतः हे कधी मोजलेले नाही.

तुझा,
एक जुना निरीक्षक