गळाची शिशाची वजनं घरात ओतायचीत? मग हे वाच

हे बघ भावा, वजनांचा साचा तू उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, करून घेतलास ते बेस्ट झालं, पण पहिली दहा-बारा वजनं सुरकुतलेलीच निघणार, कारण साचा थंड असतोय. आणि दोरी ओवायचं मधलं भोक पडावं म्हणून साच्यात घालतो ती पिन त्याहून थंड, शिसं तिला टेकलं की तिथंच गोठतंय आणि भोकाची कड अर्धवट राहतीय. म्हणून पिनसुद्धा साच्याबरोबर तापव की, आणि मेणबत्तीची काजळी धर दोन्हीला, सुटायला सोपं जातंय.

शिसं ३२७ डिग्रीला वितळतंय. टायरवाल्याकडची जुनी बॅलन्सिंगची वजनं चालतात, पण त्यात हल्ली जस्ताची पण येतात, जस्त ४१९ ला वितळतंय, त्यामुळं आच बेतानं ठेव, न वितळलेलं वर तरंगलं की झाऱ्यानं काढ. बॅटरीच्या प्लेटा मात्र अजिबात नको, विषारी वायू सुटतोय.

पाणी! आपल्या बेळगावच्या पावसात भंगार ओलं असतंयच, आणि ओला तुकडा वितळलेल्या शिशात पडला की सगळं अंगावर उडतंय. आधी वाळव, आणि थंड कढईतच घाल. कढई बिडाची, वेगळी, परत स्वयंपाकाला नाही हं. काम अंगणात कर, पोरं लांब, बूट-गॉगल घाल, हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू-चहा काही नको. हिडकल धरणावर मासे धरायला जायच्या आदल्या दिवशी घाईत ओतत बसू नकोस.