फ्लॉवर सिटी : भाजी, पीठ की फूल?

प्रश्न असा आला आहे : न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराची माहिती मराठीत आणायची आहे. त्याची दोन इंग्रजी नावं आहेत, एक पिठावरून (Flour City) पडलेलं आणि एक फुलांवरून (Flower City). देवनागरीत दोन्ही ‘फ्लॉवर सिटी’ अशीच उमटतात. ती वेगळी कशी दाखवावीत? आणि अशा नावाला टोपणनाव म्हणावं की उपनाम?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. उपनाम नको. जुन्या मराठीत उपनाम म्हणजे आडनाव, आणि शहराला आडनाव नसतं. लोकांनी सहज ठेवलेलं नाव असेल तर टोपणनाव चालेल. पण शहर स्वतःच ते मिरवत असेल, तर आपल्याकडे ‘बिरुद’ हा नेमका शब्द आहे. रॉचेस्टर मिरवतंच, तेव्हा माझं मत बिरुदाला.

आता फ्लॉवर. हा शब्द तसाच ठेवू नका, कारण मराठी स्वयंपाकघराने तो कधीच ताब्यात घेतला आहे. फ्लॉवर म्हणजे बटाट्याबरोबर रश्श्यात पडतो तो. कॉर्नफ्लॉवर म्हणजे सूप दाट करायला लागतं ते. फ्लॉवरपॉट सोडला, तर मराठीतला फ्लॉवर भाजी आहे, पीठ आहे, फक्त फूल नाही! ‘फ्लॉवर सिटी’ वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर मंडईतला गाडा आला तर दोष वाचकाचा नाही.

मुळात हे शहर वसलं ते पाण्याच्या जोरावर. जेनेसी नदी ओंटारिओ सरोवराकडे जाताना इथे धबधब्यांवरून कोसळते. त्यातला शहराच्या मधोमधचा हाय फॉल्स सुमारे ९६ फुटांचा. कर्नल नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि त्याच्या दोन भागीदारांनी १८०३ मध्ये इथली शंभर एकर जमीन घेतली. १८२३ मध्ये एरी कालवा इथवर पोचला, तोही नदीवरून दगडी पुलावरून नेलेला. भोवती गव्हाची शेतं, चक्की फिरवायला धबधबा, पीठ न्यूयॉर्ककडे न्यायला कालवा. १८३४ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि त्या दशकाच्या अखेरीस ते देशातलं सर्वांत मोठं पिठाचं केंद्र झालं होतं. त्या काळात त्याला ‘पश्चिमेचा तरुण सिंह’ असंही म्हणत. (इथे ‘छावा’ हा शब्द आयता बसतो, वाया घालवू नका.)

पुढे गहू खऱ्याखुऱ्या पश्चिमेकडे सरकला आणि त्यामागोमाग गिरण्याही. दरम्यान १८४० मध्ये जॉर्ज एलवँगर हा जर्मन आणि पॅट्रिक बॅरी हा आयरिश, अशा दोघांनी इथे रोपवाटिका काढली होती. ती भराभर वाढली, बियाण्यांचा आणि रोपांचा धंदा शहरभर पसरला. १८८८ मध्ये या दोघांनी दिलेल्या जमिनीवर हायलंड पार्क उभं राहिलं. तिथल्या लायलॅक नावाच्या सुवासिक फुलांच्या बहरासाठी अजूनही दर मे महिन्यात उत्सव भरतो. शहराने बिरुद बदललं, पण उच्चार तोच राहिला. बदललं फक्त स्पेलिंग. धंदा बुडाला तरी पाटी न बदलता नवा धंदा चालू करावा, तसं.

खरी गंमत त्याच्याही मागे आहे. इंग्रजीतले हे दोन शब्द योगायोगाने सारखे वाजत नाहीत, ते मुळात एकच आहेत. फ्रेंचमध्ये ‘फ्लर द फरीन’ म्हणजे पिठाचं फूल, अर्थात चाळून निघालेला सर्वांत उत्तम भाग. आपण ज्याला सपीट म्हणतो ते. तिथून फुलाचाच शब्द इंग्रजीत पिठाला लागला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशातही पिठासाठी वेगळं स्पेलिंग नाही; दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली नांदतात. कशाचाही उत्तम अंश सांगायला त्यांना फूल आठवलं. आपण दुधाकडे वळतो : नवनीत, साय.

मराठीत नेमकं उलट घडलं आहे. दळलेलं पीठ संस्कृत ‘पिष्ट’वरून घासत घासत आलं, आणि विद्यापीठातलं, शक्तिपीठातलं पीठ म्हणजे आसन, ते वेगळ्याच घरचं. तिथे एका शब्दाचे दोन झाले, इथे दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन बसले. म्हणून ‘पीठनगरी’ टाळा; वाचक तिथे मठ शोधत जाईल. ‘गिरणगाव’ही नको, त्या शब्दावर परळ-लालबागचा हक्क आहे आणि त्यात कापूस आहे, गहू नाही.

साध्या लेखासाठी ‘पिठाचं शहर’ आणि ‘फुलांचं शहर’ लिहा, आणि दोन्हींचा इंग्रजी उच्चार एकच आहे हे एका वाक्यात सांगून टाका. पण श्लेष राखायचाच असेल, तर मराठीत एक जोडी आहे जी मला फार आवडते : दळण आणि दळ. कमळदळ, तुळशीदळ, बेलाचं त्रिदळ यांतलं दळ म्हणजे पाकळी किंवा पान. संस्कृतात ‘दल्’ म्हणजे फुटणे, उकलणे. कळी उकलली की दळ, दाणा फुटला की डाळ, आणि जात्यात भरडला की दळण. म्हणजे इंग्रजीसारखीच ही दोघंही एका मुळातून आलेली. ‘दळणाची नगरी’ पुढे ‘पुष्पदळांची नगरी’ झाली, असं लिहिता येईल. नुसतं ‘दळनगरी’ मात्र नको. त्यात पोलीस दल आणि राजकीय दलं घुसतील.

तुमच्या मजकुरात तिसरंही बिरुद येईल, ‘वर्ल्ड्‌स इमेज सेंटर’. जॉर्ज ईस्टमनची कोडॅक इथलीच, तिचं नाव अर्थहीन, के या अक्षराच्या प्रेमापोटी घडवलेलं. त्याचं ‘चित्रनगरी’ करू नका, नाहीतर गोरेगाव किंवा कोल्हापूर होईल. ‘प्रतिमांचं केंद्र’ पुरे.

आज या शहराची वस्ती २०२०च्या गणनेनुसार सुमारे २ लाख ११ हजार, म्हणजे आपल्या हिशेबात मध्यमच. पण त्याने मराठीला एक शब्द दिला आहे. १९०६ मध्ये इथे फोटोचा कागद बनवणारी हॅलॉइड नावाची कंपनी निघाली. चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये शोधलेल्या कोरड्या छपाईच्या पद्धतीला तिने ग्रीक शब्दांवरून ‘झेरोग्राफी’ म्हणजे कोरडं लेखन असं नाव दिलं, आणि पुढे स्वतःचं नाव झेरॉक्स केलं. आपण त्याला स्त्रीलिंग देऊन ‘एक झेरॉक्स काढा’ म्हणू लागलो. त्या परिच्छेदात मेहेरबानी करून ‘छायाप्रत’ घालू नका.