लिहायचं फेदरस्टनहॉ, म्हणायचं फॅन्शॉ

प्रश्न: हे इंग्रजी आडनाव आलं कुठून हो?

उत्तर: गावावरून, आपल्या 'कर' आडनावांसारखंच. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये साउथ टाइन नदीजवळ फेदरस्टन म्हणून जागा आहे, तिथलं हे घराणं, आणि हॉ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. बोलताबोलता मधले आवाज गळत गेले, स्पेलिंग मात्र तसंच राहिलं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ससेक्सच्या अपपार्क वाड्याची वाटते, तिथल्या सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी सत्तरी उलटल्यावर 1825 मध्ये आपल्याच डेअरीत काम करणाऱ्या विशीतल्या मेरी अ‍ॅन बुलकशी लग्न केलं, मूलबाळ नव्हतं, सगळी इस्टेट तिला मिळाली, 1874 मध्ये ती गेल्यावर बहीण फ्रान्सिस मालकीण झाली आणि तिनेही हेच आडनाव लावलं!