नायब राज्यपाल: नायब नेमका कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: “अरुणा मिलर या अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या नायब राज्यपाल आहेत, असं एका मराठी बातमीत वाचलं. दिल्लीलाही नायब राज्यपाल असतात. दोन्ही पदं सारखीच का? हिंदीत उपराज्यपाल म्हणतात, मग आपण नायब का म्हणतो? आणि काही जण नायाब लिहितात, ते बरोबर आहे का?”

दोन्ही पदांचं इंग्रजी नाव एकच आहे, लेफ्टनंट गव्हर्नर. कामं मात्र पार वेगळी, आणि बातमी वाचताना गोंधळ होतो तो त्यामुळेच.

आधी शब्दाचं पाहू. नायब हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. अर्थ, दुसऱ्याच्या जागी, त्याच्या वतीने काम पाहणारा. लेफ्टनंट हा मूळचा फ्रेंच शब्दही ‘जागा धरणारा’ असंच सांगतो. त्यामुळे ज्याने कोणी पहिल्यांदा लेफ्टनंटला नायब म्हटलं, त्याची निवड अगदी चपखल होती. गंमत म्हणजे नायबचं अरबी अनेकवचन तेच आपला नवाब. बंगालचे आणि अवधचे नवाब आधी बादशहाचे सुभेदार, म्हणजे नायबच होते. मराठेशाहीच्या दप्तरात याच अर्थाचा मुतालिक भेटतो: प्रतिनिधी, सचिव अशांच्या वतीने कारभार हाकणारा. मुतालिक आता आडनावापुरता उरला, नायब मात्र तहसील कचेरीत आणि फौजेत रोजच्या वापरात आहे. हिंदीने संस्कृत ‘उप’ घेतला, आपण नायब ठेवला. दोन्ही बरोबर आहेत. रुळलेला शब्द बदलायचं मला काही कारण दिसत नाही.

खरी अडचण पुढे आहे. नायब तहसीलदाराच्या वर तहसीलदार असतो, तसा नायब राज्यपालाच्या वर कोणी राज्यपाल असेल असं वाटतं. दिल्लीत तसं कोणी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३९ प्रमाणे केंद्रशासित प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती प्रशासकामार्फत चालवतात आणि त्या प्रशासकाला कोणतं पदनाम द्यायचं तेही राष्ट्रपतीच ठरवतात. म्हणून लक्षद्वीपला नुसता प्रशासक आहे, तर पुदुच्चेरी, अंदमान-निकोबार, लडाख आणि जम्मू-काश्मीरला नायब राज्यपाल. दिल्लीच्या बाबतीत हे पदनाम १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने घटनेतच घातलं गेलं. थोडक्यात, आपला नायब राज्यपाल हा राष्ट्रपतींचा नायब.

गोव्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. १९६२ पासून तिथे नायब राज्यपाल होते. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, तेव्हा गोपाल सिंग या पदावर होते. तेच पहिले राज्यपाल झाले. माणूस तोच, पण आदल्या दिवशीपर्यंत केंद्राच्या वतीने कारभार पाहणारा प्रशासक आणि त्या दिवसापासून राज्याचा घटनात्मक प्रमुख.

हे नाव इंग्रजी अमदानीतून आलं. मुंबई आणि मद्रास इलाख्यांना पूर्ण गव्हर्नर. बंगालचं गव्हर्नरपद खुद्द गव्हर्नर जनरलकडेच होतं आणि एवढा अवाढव्य मुलूख त्याला झेपेना. म्हणून १८५४ मध्ये बंगालला लेफ्टनंट गव्हर्नर दिला. वायव्य प्रांताला तो १८३६ पासून होता, पंजाबला १८५९ मध्ये मिळाला. लोक व्हाइसरॉयला बडे लाट आणि यांना छोटे लाट म्हणत. छोटे म्हणून अधिकार कमी होते असं मात्र नाही: जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर होता.

अमेरिकेत गव्हर्नर हाच मुळात लोकांनी निवडून दिलेला कारभारी. आपल्या हिशेबाने त्याचं काम मुख्यमंत्र्याच्या जवळचं. लेफ्टनंट गव्हर्नर त्याच्या खालचा, गव्हर्नर गेला, हटला किंवा पायउतार झाला तर त्याची जागा घेणारा. मेरीलँडमध्ये हे पद १८६४ च्या राज्यघटनेत आलं आणि १८६७ च्या घटनेत रद्द झालं. पुढे १९६९ मध्ये गव्हर्नर स्पायरो ॲग्न्यू देशाचे उपाध्यक्ष झाले. जागा घ्यायला कोणीच नव्हतं, म्हणून विधिमंडळाला मार्विन मँडेल यांना गव्हर्नर निवडावं लागलं. लगेच १९७० मध्ये घटनादुरुस्ती करून हे पद परत आणलं. तिथे गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीने निवडून येतात आणि गव्हर्नर सोपवेल तेवढंच काम लेफ्टनंट गव्हर्नरकडे असतं. २०२३ मध्ये पदावर आलेल्या, हैदराबादेत जन्मलेल्या मिलर यांचं पद ते हे.

टेक्सासमध्ये चित्र उलटं. तिथला लेफ्टनंट गव्हर्नर स्वतंत्रपणे निवडून येतो, राज्याच्या सिनेटचं अध्यक्षपद भूषवतो, समित्या नेमतो आणि कारभारावर जबर पकड ठेवतो. वरिष्ठ सभागृह चालवणं आणि वरची जागा रिकामी झाल्यास ती सांभाळणं, हे पाहिलं की मला आपले उपराष्ट्रपती आठवतात. कॅलिफोर्नियात गव्हर्नर राज्याबाहेर गेला की लेफ्टनंट गव्हर्नर हंगामी गव्हर्नर होतो. १९७९ मध्ये डेमोक्रॅट जेरी ब्राउन बाहेर असताना रिपब्लिकन माइक कर्ब यांनी एका न्यायाधीशाचं नाव पुढे केलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कर्ब यांना तो अधिकार होता, असाच निर्वाळा मिळाला! (ते नाव मागे घेण्याची मुभा मात्र परतलेल्या ब्राउन यांना राहिली.) दिल्लीच्या नायब राज्यपालांचं यातल्या कशाशीही नातं नाही.

म्हणून माझं मत असं: नायब राज्यपाल हा शब्द आपल्या केंद्रशासित प्रदेशांसाठी राखावा. अमेरिकेच्या बातमीत ‘मेरीलँडच्या लेफ्टनंट गव्हर्नर’ असंच लिहावं आणि पहिल्या उल्लेखात ‘गव्हर्नरनंतरचं निर्वाचित पद’ एवढं जोडावं. मराठी शब्दच हवा असेल तर उपगव्हर्नर चालेल. राज्यपाल म्हटलं की दिल्लीहून नेमलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते, तो घोळ त्याने टळतो.

राहिला नायाब. तो वेगळा शब्द आहे, फारसी, अर्थ दुर्मीळ, सहजी न मिळणारं. नायाब हिरा म्हणा, राज्यपालांच्या आधी मात्र नायबच.