एकाच घराण्यात इतके हाइनरिश कसे?

प्रश्न: नमस्कार. आमचा पुतण्या शिकायला जर्मनीत आहे, गेरा नावाच्या शहराजवळ. परवा त्यानं तिथल्या जुन्या राजघराण्याच्या वंशावळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. बघावं तिथं हाइनरिश आणि पुढं आकडा, त्यात बाप ६७ वा आणि मुलगा १४ वा! छापताना चूक झालीय का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: चूक नाही हो, तक्ता बरोबर आहे. हे रॉइस घराणं. १२ व्या शतकात यांचे पूर्वज वायडा गावचे, बादशहाच्या वतीनं मुलूख सांभाळायचा, न्यायनिवाडा करायचा, अशा अधिकाऱ्याला तिकडं फोग्ट म्हणायचे, मग पद वंशपरंपरेनं चालत राहिलं, आपल्याकडच्या देशमुखीसारखंच, आणि त्या मुलखाचं नावच फोग्टलांड पडलं. सम्राट सहाव्या हाइनरिशच्या मानासाठी घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश ठेवायचं असं ठरलं म्हणतात. आजोबाचं नाव नातवाला देतो तसं नाही, सख्ख्या भावांचंसुद्धा एकच नाव!

आता आकडा. तो गादीचा नाही, जन्माचा आहे, आणि सगळा घोळ इथंच होतो. पाळण्यात गेलेल्या बाळालाही नंबर असायचा. १५६४ साली तीन भावांत वाटणी झाली, थोरली, मधली आणि धाकटी पाती (आपल्या कुरुंदवाडला होत्या तशाच पात्या), मधली १६१६ ला संपली. थोरली पाती ग्राइत्सची, ती शंभरापर्यंत मोजून परत एकपासून सुरू करणार. धाकटी गेराची, ती साधारण शतक बदललं की परत एकपासून. त्यामुळं तुमच्या फोटोतला ६७ वा जन्मला १७८९ ला, त्याचा मुलगा १८३२ ला, म्हणजे नव्या शतकाच्या मोजणीत १४ वा. आणि ६७ व्याच्या आधी गादीवर कोण, तर त्याचाच सख्खा भाऊ ६२ वा! मधले चार आकडे तेवढ्या काळात घराण्यात जन्मलेल्या बाकीच्या मुलांना गेले.

मुलूख म्हणाल तर अगदी छोटा. मध्ययुगात वायडा, गेरा, प्लाउएन एवढा पसारा होता, पण शेजारच्या वेटिन घराण्यानं एकेक गाव घशात घातलं. शेवटी थोरल्या पातीकडं साधारण ३१६ चौरस किलोमीटर आणि धाकटीकडं ८२६, दोन्ही मिळून आपल्या सोलापूर जिल्ह्यात बारा-तेरा वेळा बसतील. तरी १९१८ पर्यंत दोन्ही संस्थानं टिकली, याचं मला खरंच कौतुक वाटतं. आणि तुम्ही साखर पेठेतले म्हणून मुद्दाम सांगतो, ग्राइत्स आणि गेरा दोन्ही मागावर मोठी झालेली शहरं, आपल्या सोलापूरसारखीच.

पुतण्याला सांगा, आकडा सोडून दे, आधी पाती बघ, मग जन्मसाल. आणि मुलींची नावं बघ, त्यांना ना हाइनरिश ना नंबर, प्रत्येकीचं नाव वेगळं, त्यामुळं कुठलं घर ते पटकन कळतं. हर्मिने दिसली की समजायचं हे ग्राइत्स, बाप २२ वा हाइनरिश. तिनंच १९२२ ला पदच्युत कैसर विल्हेल्मशी लग्न केलं, आणि तिचा भाऊ २४ वा, तो १९२७ ला वारला तिथं थोरली पाती संपली.